रूढीला अधीन राहून

मी, पद्मा श्रीनिवास आठल्ये, वय त्र्याहत्तर, राहणार कॅसल हिल, सिडनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक आहे. स्मरणशक्ती इतरांची गैरसोय व्हावी इतकी चांगली आहे. सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. परंतु अर्थाबद्दल वाद झाल्यास मराठी मूळ प्रमाण मानावे. याचे कारण कलम चारमध्ये येईल.

१. एक्झिक्युटर म्हणून माझी भाची स्वरदा हिला नेमते. ती वेळेवर येते.

२. कॅसल हिलचे घर माझी मुलगी सावनी हिला द्यावे, मात्र आमच्या घराण्याच्या रूढीला अधीन राहून. म्हणजे देवघर आहे तिथेच राहील, घर विकले जाणार नाही, आणि सावनी व डॅनियल रीतसर लग्न करीपर्यंत डॅनियल तिथे राहायला येणार नाही. विचार करायला नऊ वर्षे पुष्कळ झाली.

३. स्वरदाची मुलगी ईशानी युनिव्हर्सिटीत कायदा शिकते. तिला माझी लाल पेने, पोलादी पट्टी आणि कायदेकोश द्यावा. कोशात मी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या पुसू नयेत. त्या बरोबर आहेत. शेजारीण शोभा हिला काही देत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला दिलेले टिकत नाही. माझे पुरणयंत्र दिवाळीपासून तिच्याकडे आहे, ते तिने स्वरदाला परत करावे. कचेरीतल्या माझ्या निरोपसमारंभात मला भर सभेत ‘कॉमाबाई’ म्हणणाऱ्या सहकारी राजीवला एक स्वल्पविराम. तो त्याने एकदा तरी योग्य जागी वापरावा.

४. पॅरामॅटातल्या सरकारी कचेरीत मी सव्वीस वर्षे कायद्यांचे मसुदे केले. त्या अनुभवावर मला एका तज्ज्ञ पथकात घेतले गेले. युद्ध नुकतेच संपलेल्या एका देशाची राज्यघटना लिहायची होती, आणि पथक नेमले होते त्याला मदत देणाऱ्या परदेशांनी. देशाचे नाव लिहीत नाही, कारण जिच्याबद्दल लिहिते ती बाई अजून तिथेच राहते. ती शिक्षिका होती आणि मसुदा समितीची सदस्य. मुलींना वडिलांच्या जमिनीत समान वाटा, हे कलम तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहून आणले होते. मदत देणाऱ्यांना महिनाअखेर सह्या हव्या होत्या आणि टोळ्यांचे सरदार त्या कलमावर अडून बसले होते. पथकप्रमुखाने मला वाट काढायला सांगितले. मी कलमाच्या सुरुवातीला शब्द घातले, ‘रूढीला अधीन राहून’. इंग्रजीतही ते तीनच होते, ‘सब्जेक्ट टू कस्टम’. सरदारांनी सह्या केल्या. घटनेची इंग्रजी प्रत प्रमाण राहील, हे वाक्यही माझेच.

ती बाई दुभाष्याला घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, “तुम्ही शुक्रवारच्या विमानाने जाल. या वाक्यात राहायचं आहे आम्हाला.”

समितीच्या त्या बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिले, ‘कोणाचाही आक्षेप नाही.’ हे खोटे होते. गेली अठरा वर्षे तिथली न्यायालये त्या इतिवृत्ताचा हवाला देऊन बायकांचे दावे फेटाळत आहेत. त्या बैठकीची माझी वही कपाटाच्या खालच्या खणात आहे. तिचा आक्षेप तीत लिहिलेला आहे, तिच्या हातचे मूळ कलमही. माझ्या मृत्यूनंतर ती वही तिला पाठवावी.

सहीपूर्वीच्या दुरुस्त्या

ज्याला कायदा लागू व्हायचा त्याने तो आधी वाचावा, हे मी उशिरा शिकले. म्हणून मसुदा गेल्या आठवड्यात सावनीला दिला. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. कलम दोनवर बोट ठेवून तिने विचारले, “आई, अधीन म्हणजे सब्जेक्ट टू ना?”

मी हो म्हटले. देवघर ती हलवणार नव्हतीच. माझे गुडघे गेल्यापासून दिवा तीच लावते. कागद परत देताना म्हणाली, “पण तेव्हा तू नसशील ना. राहायचं मला आहे.”

कलम दोन मीच टाइप केले होते आणि त्यानंतर कलम चार. तरी ते तीन शब्द मला दिसले नव्हते.

कलम दोनमधील ‘मात्र’पासून शेवटपर्यंतचा मजकूर मी खोडला आहे. घर सावनीचे. तिथे कोणी राहायचे ते ती ठरवील.

कलम चारमधील शेवटचे वाक्यही खोडले आहे. वही आज सकाळी पोस्टाने गेली. सोबत इतिवृत्त खोटे असल्याचे माझे प्रतिज्ञापत्र आहे. पाठवण्यापूर्वी त्या बाईला फोन केला. या वेळी आधी विचारले. त्यामुळे ती वही आता माझ्या मालमत्तेत मोडत नाही.

शोभाने सुचवले की एवढी खाडाखोड कशाला, नवी प्रिंट काढ. काढणार नाही. काय लिहिले होते आणि कोणी खोडले, दोन्ही वाचता आले पाहिजे. दोन्ही ठिकाणी समासात आम्हा तिघांची आद्याक्षरे आहेत.

सही: पद्मा श्रीनिवास आठल्ये

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली:
१. शोभा केळुसकर (पुरणयंत्र परत केले आहे)
२. निनाद परचुरे

कॅसल हिल, १७ जून २०२५