उघडल्यावर किती दिवस

प्रिय कैलास,

फोनवर बोलणं मला जमत नाही म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच झालीय, अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, चुका काढत बसू नकोस. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड, आधी नको. दोन भाऊबिजा तुझ्याशिवाय गेल्या. तू आला नाहीस, मीही बोलावलं नाही. त्याचं रडगाणं मी लावणार नाही. फ्रेनीबाईंच्या बंगल्यावर तुझं नाव माझ्या तोंडानं खराब झालं, ते मला नीट करायचंय. एवढंच काम आहे. पण ते करायला मला दारूपासून सुरुवात करावी लागतेय, त्याला इलाज नाही.

बंगला आहे तिथंच आहे. भुशी धरणावर जाणाऱ्या गाड्यांची रांग आता आपल्या फाटकापर्यंत येते, शनिवारी कोथिंबीर आणायला पायी जायचं म्हटलं तरी वाट मिळत नाही. बाईंचे गुडघे गेले. मुंबईहून येणं होत नाही म्हणून त्यांनी शनिवार-रविवार बंगला भाड्यानं द्यायला काढलाय, स्वयंपाक मी करते. लोक येतात, गाणी लावून डोकं उठवतात, सकाळी अकराला पोहे मागतात आणि जाताना अर्ध्या बाटल्या टाकून जातात. तुझ्या जागेवर जो माळी आलाय तो झाडाला नळी लावतो आणि मोबाइल बघत बसतो. तुझी अबोली त्यानं बुडवून मारली. मी बोलले तर म्हणतो, "मावशी, पाणी जास्त झालं तर काय बिघडतं?" त्याला काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

आता ती बाटली. बाईंच्या भाच्यानं पोर्तुगालवरून आणलेली, लाल, गोड, पोर्ट म्हणतात ती. तू गेलास त्या वर्षीच्या मार्चमध्ये नवरोजला बाईंनी ती उघडली, दोन बारके पेले घेतले आणि बूच लावून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हिरा, संभाळून ठेव. साधी वाइन उघडली का चार दिवसांत जाते. हिच्यात ब्रँडी घातलेली असते, हिला काय पण होत नाय." मला लगेच पटलं. लोणच्याला मीठ चढतं लावलं की ते वर्ष काढतं, तसंच हे असणार. हॉलमधल्या काचेच्या कपाटात मी ती ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. त्या कपाटावर दुपारभर ऊन येतं, पण बाटली दिसायला छान दिसायची म्हणून मी ती पुढंच ठेवली होती.

दिवाळीच्या आधी बाई पाहुणे घेऊन आल्या. पुढचं तुला पाठ असेल, तरी मी लिहिणार. बाईंनी पेला नाकाला लावला, घोटभर घेतली आणि तोंड वाकडं केलं. पाहुण्यानं उजेडात धरून बघितलं, म्हणाला, रंग विटलाय, वास नाही, पाणचट लागतेय, कुणीतरी पिऊन वर पाणी घातलंय. बाटलीतली पातळी होती तेवढीच होती ना, म्हणून पाण्याचा संशय. बाईंनी विचारलं, हात कुणी लावला? आणि कैलास, त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. किल्ली माझ्या कमरेला होती. मला राहती खोली दिसली, गॅस दिसला, आता या वयात कुठं जाऊ ते दिसलं. मी पुढचा श्वास घ्यायच्या आत तुझं नाव घेतलं. वर आणखी सांगितलं, हा आधी प्यायचा, आमच्या आबांची बाटली पिऊन त्यात पाणी भरून ठेवायचा, याची ही जुनीच खोड. तेही खरंच होतं म्हणून सगळ्यांना पटलं. तुझ्या गळ्यात माळ होती, आठ महिने तू थेंबाला शिवला नव्हतास, आणि मी चार माणसांत म्हणाले, "माळ घालून पितोस, लाज न्हाई वाटत?" तू एवढंच म्हणालास, "अक्का, म्या न्हाई." फाटकाची किल्ली ओट्यावर ठेवलीस आणि गेलास. मला वाटलं, खोटा माणूस असता तर भांडला असता. हे मला त्याच दिवशी वाटलं होतं, पण मी ते वाटणं भांड्यांबरोबर घासून टाकलं.

तसं ते राहिलंही असतं. पण गेल्या सप्टेंबरात एक पोरगी आली, तेजल नावाची, मैत्रिणी घेऊन. पुण्याला मोठ्या हॉटेलात बारवर काम करते. मी म्हटलं, "पोरीची जात, बारवर काय करतेस गं?" तर हसून म्हणाली, "मावशी, मी पाजते, पीत नाही. तुम्ही नाही का मटण करता आणि उपास धरता?" तिखट आहे, पण मला आवडली. जाताना पाऊण बाटली पोर्ट ठेवून चालली होती. मी म्हटलं, ठेव, पुढच्या वर्षी आलीस की देईन, हिच्यात ब्रँडी असते, हिला काही होत नाही. ती पायरीवरून परत वर आली. म्हणाली, कुणी सांगितलं तुम्हाला? ब्रँडी असते म्हणून साध्या वाइनपेक्षा जास्त टिकते, जन्मभर नाही. बूच निघालं, हवा लागली, की तिचा वास मरायला लागतो. ही लाल असते ती फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार आठवडे. लाकडी पिंपात बरीच वर्षं राहून तपकिरी झालेली असते ती दोनेक महिने काढते. शेरी म्हणून दुसरी एक असते, तिच्यातली कोरडी पांढरी तर आठवड्यात संपवायची. एक मडेरा म्हणून असते, ती करतानाच तापवलेली असते, तिला मात्र उघडून वर्ष झालं तरी फारसा फरक पडत नाही. मी विचारलं, आणि ही लाल आठ महिने कपाटात राहिली तर? म्हणाली, "मग ती विटते, मावशी. तपकिरी पडते. नवीन माणसाला वाटेल कुणी पाणी घातलं."

मी तिच्यासमोर मान डोलावली आणि मनात म्हटलं, हिला काय कळतंय, कालची पोर. तुला माझा स्वभाव माहीत आहे, सांगून मला काही पटत नाही. सॉसच्या दोन छोट्या बाटल्या घासून वाळवल्या आणि तिची पोर्ट दोन्हींत निम्म्यापर्यंत भरली. थोडी तिच्याच बाटलीत उरली. एक बाटली फ्रिजमध्ये ठेवली, एक काचेच्या कपाटात, त्याच जागी. पातळीवर दोरा बांधला. कपाटाला कुलूप, फ्रिजलाही साखळी घालून कुलूप. त्या माळ्याला वाटलं म्हातारी वेडी झाली. दर सोमवारी पाहुणे गेले की करंगळी बुडवून जिभेला लावायची, आमटीचं मीठ बघतो तशी, आणि चूळ भरायची. पहिल्यांदा दोन्ही सारख्याच लागल्या. पिकलेल्या जांभळात काकवी घालावी आणि घशात ऊब यावी, तशा. तिसऱ्या सोमवारी कपाटातलीचा वास अर्धा झाला. सहाव्या सोमवारी ती काढ्यासारखी दिसायला लागली, गोडी होती पण जांभूळ कुठं नव्हतं, भिजवलेल्या खारकेचं पाणी प्यावं तशी. फ्रिजमधली महिनाभर नीट होती, मग तीही उतरली. दोरा जागच्या जागी. कुलूप माझं, किल्ली माझी, घरात मी एकटी. मग पाणी कुणी घातलं? कुणीच नाही.

तिथंच तुला फोन करायला पाहिजे होता. केला नाही. कारण मधेच दसरा येऊन गेला होता.

तुला माहीत आहे लोणावळ्याचं. चार महिने ढग घरात फिरतात, चपलांना बुरशी, उशांना बुरशी, काड्यापेटी पेटत नाही. दसऱ्याला चांगलं ऊन पडलं की मी सगळं घर गच्चीवर काढते. गाद्या, डाळी, मसाला, पापडांचे डबे, लोणच्याच्या बरण्या. झाकण काढायचं, वर पांढरं फडकं बांधायचं, दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, म्हणजे वर्षाची काळजी नाही. आईनं शिकवलंय, मी चुकवत नाही. या दसऱ्याला मी बरणीला फडकं बांधत होते आणि हात तिथंच थांबला. तू गेलास त्या वर्षीच्या दसऱ्यालाही मी हेच केलं होतं, कैलास. कपाटातल्या पेल्यांवर बुरशी धरली होती, म्हणून मला वाटलं, बाईंची महागाची बाटली आहे, हिच्याही आत बुरशी धरली तर बाई काय म्हणतील? मी तिचं बूच काढलं. फडकं बांधलं. लिंबाच्या लोणच्याच्या शेजारी ती बाटली गच्चीवर दोन दिवस उन्हात ठेवली. संध्याकाळी आत, सकाळी बाहेर. काळजीनं ठेवली, पोराला कोवळ्या उन्हात निजवावं तशी. तू तेव्हा खाली वाफे करत होतास, तुला काही माहीत नाही.

आणि दिवाळीआधी पाहुणा पाणी पाणी करत होता तेव्हा मला हे आठवलंच नाही, असं मी तुला सांगणार होते. तसं लिहिलंही होतं. तो कागद चुलीत घातला. थोडं आठवलं होतं. मनात आलं होतं की मी उन्हात ठेवलेली. पण ऊन दाखवून कधी काही बिघडतं का? उन्हानं तर वस्तू सुधारते. म्हणून मी ते बोलले नाही. आणि बोलले असते तर किल्लीही माझी आणि हातही माझाच, असं झालं असतं. हे खरं आहे ते असं आहे.

तरी खात्री करायची म्हणून तेजलच्या बाटलीत उरलेली होती तिचं बूच काढलं आणि फडकं बांधून ती दोन दिवस गच्चीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी जिभेला लावली. पाहुणे आले त्या दिवशी बाईंनी टाकून दिलेल्या पेल्यातलं मी मोरीत ओतताना हळूच चाखलं होतं, ते कुणाला माहीत नाही. तीच चव. गच्चीवर एकटी होते तरी मला कुणीतरी बघतंय असं वाटलं.

त्यानंतर तीन महिने गेले. बाईंना मी पंधरा दिवसांपूर्वी फोनवर सगळं सांगितलं. खोली गेली तर गेली म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हिरा, ब्रँडीचा मीच बोलली होती. कैलासला सांग, मी पण चुकली." खोलीचं काही बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. पण तुला सांगायला माझी जीभ रेटेना. सगळ्या जगाला फाडफाड बोलते मी, आणि तुझा नंबर दाबून लगेच कापायची. तुला वाटलं असेल चुकून लागतोय.

मग परवा तुझी बायको सविता आली. परंदवडीहून एकटी आली, तुला न सांगता. तिला रागावू नकोस. चहा दिला तो तसाच गार झाला. म्हणाली, तू कंपनीतून सुटून दारात आलास की ती तुझं तोंड हुंगते. सव्वा वर्ष झालं, रोज. तूही चपला काढायच्या आधी तिच्यापुढं उभा राहून तोंड उघडतोस, तिनं मान हलवली की आत येतोस. एकही दिवस वास आला नाही. मग वर विचारायला लागली, "अक्का, तुमी सख्ख्या भैण. तुमी खोटं कशाला सांगाल म्हणून मी मानलं. पण आता मला सांगा, मी किती दिवस हुंगू?"  ज्याचं आहे त्याला आधी सांगायचं, मग तिला, म्हणून हे पत्र. रविवारी पाहुण्यांचा नाश्ता माळ्याच्या गळ्यात टाकून मी दहाच्या गाडीनं निघते. सविताला समोर बसव, शेजारचे असतील तर त्यांनाही असू दे, मी चार माणसांत बोलले होते तर चार माणसांतच मागं घेणार. तू माझ्याशी बोललं पाहिजेस असं नाही. बोलून झालं की हाकललंस तरी मी जाईन. फक्त मधे "असू दे अक्का" म्हणू नकोस. मला माफी मागायची सवय नाही, एका दमात झाली तरच होईल.

तुझीच थोरली,
हिराअक्का