अर्धा एकर मोसंबी आणि चिमूटभर संजीवक

जी झाडे माझ्या स्पर्शाने बाटतात असे माझेच घर म्हणते, ती मी माझी म्हणून कोणाला देऊ शकते का? तरीही मी, शामला कोंडीराम सुरवसे, वय पंचवीस, घरातली पहिली पदवीधर, शिक्षण शेतकी, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, पुढील आठवड्यात मिरजेला पोटाच्या ऑपरेशनसाठी जाण्यापूर्वी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते.

१. विहिरीजवळची अर्धा एकर मोसंबीची बाग अण्णांनी, माझ्या वडिलांनी, हयातीत मला बक्षीसपत्राने दिली. ती माझ्या भावाची मुलगी नीला हिला मिळावी. अट एकच: महिन्याच्या कोणत्याही दिवशी तिला बागेत जाण्यास कोणी अडवू नये. अडवल्यास बाग गावच्या शाळेला जावी.

अटीचे कारण असे. गेल्या वर्षी फळ वाटाण्याएवढे झाले. फळगळ थांबवणारे संजीवक आणि पानांतून नत्र देणारा युरिया फवारण्याची हीच वेळ. नेमकी तेव्हाच मी बाहेर बसले, म्हणून बागेत पाऊल टाकायची बंदी. थोरले बंधू हिंमतराव यांना मी गोठ्यातून ओरडून प्रमाण सांगितले: पिंपभर पाण्याला संजीवकाची एक चिमूट.

"पिंपाला चिमूट? बागंला अंगारा लावतीस व्हय गं?"

त्यांनी अख्खी बाटली ओतली, युरिया ओंजळींनी टाकला आणि भर उन्हात फवारा मारला. चिमूटभर असताना फळ धरून ठेवणारे संजीवक जास्त झाले की फळ पाडते. पाने करपली, झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला.

आई मथुराबाई म्हणाली, "तुझीच सावली पडली. इटाळशी असून बागंकडं तोंड करून बोलली न्हवं तू!"

गावही तेच म्हणते. खरे काय ते हिंमतरावांना ठाऊक आहे.

२. ती रिकामी बाटली हिंमतरावांना द्यावी. वरचे इंग्रजी लेबल मी मराठीत लिहून चिकटवले आहे. आता तरी वाचावे.

३. बाहेर बसताना मला मिळणारे घोंगडे आईला. माझ्यानंतर ते जाळू नये, धुऊन पांघरावे. ऊबदार आहे.

४. फवारणीचा पंप शेजारी महांतप्पांना. चारचौघांत ते मला "औषधवाली बाई" म्हणून हसले, पण प्रमाण विचारायला घरी आले. एवढेही दुसरे कोणी केले नाही.

५. यंदाही फळ वाटाण्याएवढे झाले आणि मी बाहेर बसले. आई बागेच्या वाटेवर आडवी उभी राहिली. "जाऊ नगंस पोरी, देवीचा कोप व्हईल." काल सकाळी तिला बाजूला सारून मी बागेत गेले आणि एकूण एक झाडावर माझ्या हाताने फवारा मारला.

सही: शामला कोंडीराम सुरवसे
साक्षीदार: द्वारकाबाई नारायणराव कुलकर्णी, शिक्षिका, कल्याणप्पा शिवलिंग बिराजदार, शेतकरी
जळकोट, १० मार्च १९६५