सोयरीक मी मोडलेली न्हाय

कळस, रविवार

श्री. नागेशदाजींना सावळारामचा रामराम. तुमचा गुडघा कसा हाय? चंद्राआक्काचा आवाज कसा हाय? (बराच असणार. वारं तिकडचं असलं की हितपर्यंत येतो.) आमी हितं समदे ठीक.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. फोन आमच्या कारभारणीनं, जयवंतानं, काढून घेतलाय. डॉक्टरीणबाईंनी चिडचिड टाळायला सांगितलीय, आन् मी फोनवर बोललो की चिडतोच, असं तिचं म्हणणं. हे साफ खोटं हाय, असं मी तिला वरच्या पट्टीत समजावत होतो, तवाच तिनं फोन नेला.

तर मुद्दा असा, की सावळारामनं भर बैठकीत पोरीची सोयरीक मोडली, अशी बातमी तुमच्या माळेगावात फिरतीय म्हणं. (तुमाला हंगामामुळं कारखान्यातनं बैठकीला यायला सुट्टी मिळाली न्हाय, म्हणून तुमी कान देऊन ऐकत बसला असाल.) दाजी, मी सोयरीक मोडली न्हाय. मी बत्ताशे मोडले, ते बी बसून.

मला फुप्फुसाचं बीपी हाय हे तुमाला ठाऊकच हाय. हृदयाकडनं फुप्फुसात रक्त नेणाऱ्या नळ्यांत दाब वाढलाय, त्यामुळं पेरूच्या बागेत एक फेरी मारली तरी दम लागतो. अडचण एवढीच, की हे बीपी दंडाला पट्टा बांधून दिसत न्हाय. मारुतीच्या देवळात आरोग्य शिबिर झालं, तवा मी मोठ्या रुबाबात रांगेत बसलो, आन् माझं बीपी निघालं पैलवानासारखं. तवापासनं गावात मला आजारी मानायला कुणी तयार न्हाय. खताची पोती उतरवायची वेळ आली की तात्यांना दम लागतो, असं माझाच गडी मला ऐकू येईल असं बोलतो.

असो. सुप्रियाची सुपारी फोडायला पाव्हणे आले. नवरदेव सुयोगराव, त्यांचे वडील ज्ञानेशराव (त्यांच्या फेट्यापायी आमाला पंखा बंद करावा लागला) आन् टेम्पोभर माणसं. समदं बोलणं गोडीनं झालं. शेवटी ज्ञानेशरावांनी विचारलं, "मग सावळारामतात्या, तुमाला पसंत हाय न्हवं?" मी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं, आन् छातीत पोत्यात उंदीर शिरावा तशी धडपड सुरू झाली. ठोके मोजता येईनात, शब्द फुटंना. पाणी मागायला मी हात हलवला, तो त्यांनी नकार समजला. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हलवला, जरा जोरात. मग उठायला गेलो तर पाय लटपटले, आन् बसलो तो थेट बत्ताशांच्या ताटात. ज्ञानेशराव फेटा सावरत उठले. पाव्हणे चपला हुडकायला लागले. जयवंता माझ्याकडं अशी बघत होती, की तेवढ्यानंच ठोका जागेवर यायला पाहिजे होता.

खरं काय ते वळखलं सुप्रियानं. माझे ओठ निळे पडलेले तिनं बघितले, पदर खोचला आन् म्हणाली, "मामा, रागवायचं मागनं बघू. आधी गाडी काढा." सुपारी फुटायच्या आधीच सासऱ्याला हुकूम सोडणारी नवरी तुमी बघितलीय का? पण ते गुमान स्टेअरिंगवर बसले. पुढं आमी, मागं टेम्पोत पाव्हणे, अशी वरात बारामतीला निघाली. 'घाबरू नका, घाबरू नका' असं ज्ञानेशराव वाटभर म्हणत होते, बहुतेक स्वतःलाच, कारण त्यांचा फेटा उलगडून माझ्या मांडीवर आला होता. मला मागनं बत्ताशे टोचत होते ते वेगळंच.

दवाखान्यात छातीला तारा लावल्या. डॉक्टर राजलक्ष्मीबाईंनी समजावून सांगितलं, की फुप्फुसातल्या दाबापुढं रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकते, वरचा कप्पा ताणला जातो, आन् ठोक्याचा करंट सरळ जायचं सोडून तितंच गोल गोल फिरत बसतो. अशा माणसाला ही धडपड फार वेळ झेपत न्हाय. दुसऱ्याला चालणारी गोळी ह्यांना चालंलच असं न्हाय, म्हणून कुणाच्या सांगण्यावरनं कायबी देऊ नका, असंही त्या म्हणाल्या. तवा पाव्हण्यांतल्या एका मावशींनी काढ्याची बाटली हळूच पिशवीत परत ठेवली. यायला उशीर झाला असता तर, एवढंच बोलून बाई थांबल्या. ज्ञानेशरावांनी उरलासुरला फेटा काढून हातात घेतला.

मग ते माझ्या खाटंवर वाकले आन् म्हणाले, "अशी पोरगी घरात आली तर आमी समदे सुखरूप. फक्त तात्या, आता हात हलवू नका. पसंत असंल तर नुसता अंगठा दाखवा."

तोंडावर ऑक्सिजन होता. मी अंगठा वर केला. नर्सबाईंनी लगेच त्यालाच ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आन् सोयरीक झाली. हे माळेगावात समद्यांना सांगा.

औषधानं ठोका ताळ्यावर आल्यावर मला घरी सोडलंय, पण तो मधीच बिथरतो. म्हणून बुधवारी परत बारामतीच्या दवाखान्यात झोपेचं औषध देऊन छातीला बारकासा शॉक देणार हायत. मला त्याचं काय न्हाय. विहिरीवरच्या मोटरीचे शॉक खात मोठा झालेला माणूस मी, हा तर डॉक्टरांच्या हातचा. कुणीबी यायची गरज न्हाय. तुमी कारखाना सोडू नका.

तुमचा धडधाकट मेव्हणा,
सावळाराम

ता. क. आक्काला तर अजिबात आणू नका. ती रडायला लागली की शेजारच्या खाटांवरची यंत्रं वाजतील.

आणखी ता. क. दाजी, गरज न्हाय असं वर लिहिलंय, ते जयवंता वाचंल म्हणून. तुमी या. डोळा लागंपर्यंत शेजारी कुणीतरी आपलं बसलेलं पाहिजे. ती बसली तर तिला कळंल की मी भ्यालोय. पेरूची रोपं न्यायला आलो, असं सांगा.

दाजी, मी जयवंता लिहितीय. पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं, तवा वाचलं. ते भ्यालेत हे मला ठाऊक हाय, झोपेत बडबडतात. तुमी रोपांचंच सांगा, मला खरं वाटल्यासारखं मी दाखवीन. पण आक्कांना घेऊन या. ह्यांना आत नेल्यावर मी बाहेर कुणापाशी बसू? यंत्रं वाजली तर वाजू द्या, मलाबी आक्कांच्यासंगं रडायचंय.