साकेच्या घरचं पाणी

नागानो, जपान
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय पारू,

सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे. खोकला विमानातच कुठंतरी राहिला. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना, की मी नाही म्हणून आळस करतेस? हे पत्र आदर्शकडून वाचून घेऊ नकोस. पुतण्या गुणी आहे, पण हे त्याच्यासाठी नाही. चष्मा लाव, दार लोटून घे आणि सावकाश वाच. फोनवर तू "हां, फुडं काय?" करून मला पळवतेस. अहमदपूरच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात जन्म गेला, आता तरी जरा थांबत थांबत बोलू दे.

निघताना तू दारात काय म्हणालीस ते विसरलेलो नाही. "दारू गाळणाऱ्याच्या घरात माझी लेक जाणार न्हाई. त्यांच्या तोंडावर सांगा आन् मनीला संगं घेऊन या." तुझे वडील दारूनं गेले, आणि ते जाईपर्यंत तुझ्या आईनं काय सोसलं ते मला माहीत आहे. त्या निरोपाचं लिहितोच. आधी बर्फाचं लिहू दे.

शाळेत हिमालयाची कविता आली तेव्हा गुरुजींनी फळ्यापाशी खडू चुरडून दाखवला होता. "बर्फ असं पडतं रे पोरांनो." कविता मी चालीवर पाठ केली, पूर्ण गुण मिळवले, आणि सगळा जन्म बर्फ म्हणजे खडूची भुकटी असंच समजून चाललो. परवा इथं बसमधून उतरलो तर सगळा डोंगर, झाडं, छपरं, सगळं गप्प. कोटाच्या बाहीवर एक कण उतरला. पारू, त्याला पाकळ्या होत्या! कुणी बारीक नक्षी कातरून वरून सोडत बसलंय जणू. मी बाही डोळ्यांजवळ धरून रस्त्यातच उभा राहिलो. मनी म्हणाली, "आबा, चला ना, लोक बघून राहिलेत." मी म्हणालो, बघू दे, मीही बघूनच राहिलोय.

तोमोयाच्या (मनीनं पसंत केलेल्या मुलाच्या) आईवडिलांचं हे प्रवाशांनी उतरायचं घर आहे. लाकडाचं, कागदाच्या दारांचं, खाली गवताच्या चटया. मागच्या अंगाला गरम पाण्याचा झरा, आणि शेजारी त्यांचाच साकेचा कारखाना. साके म्हणजे त्यांची तांदळाची दारू. लांबून लोक इथं येतात ते अंघोळीला आणि जेवायला.

अंघोळीची गंमत सांगतो. पाण्यात उतरायचं तर सगळे कपडे काढायचे. सगळे म्हणजे सगळे. मी मनीला हळूच विचारलं, "चड्डी तरी?" पोरगी तोंडावर हात धरून म्हणाली, "न्हाई चालत आबा." आणि बायकांच्या बाजूला पळाली. मग काय, आधी स्टुलावर बसून अंग घासलं आणि देवाघरच्या पोशाखात गेलो बाहेर. तुझ्या गुडघ्यांसाठी आपण उनकेश्वरला गेलो होतो, तसाच गंधकाचा वास. पण वर उघडं आभाळ. तोमोयाचे वडील सेइजी आधीच गळ्यापर्यंत बुडालेले, डोक्यावर टॉवेलची घडी. माझ्याच वयाचे. त्यांनी हातानं शेजारची जागा दाखवली. त्या एकाच पाण्यात गावातला एक सुतार होता, टोकियोचा कुणी साहेब होता, आणि मी. कुणी सरकलं नाही. वरून बर्फ येत होतं आणि वाफेत शिरून दिसेनासं होत होतं. मला राहवलं नाही, मी ती हिमालयाची कविता म्हटली, चालीसकट. सेइजींनी डोळे मिटून ऐकली आणि मग त्यांच्या शाळेतली त्यांनी म्हटली. शब्द एकही कळला नाही. पण कडव्याच्या शेवटी आवाज लांबवायची खोड दोघांना सारखीच.

आता जेवणाचं. तू याचीच वाट बघत असशील.

डोंगरातल्या भाज्या, मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला नदीतला मासा, पांढरंशुभ्र टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. आपल्याकडं प्रत्येक कवितेला जशी आपली चाल, तशी इथं प्रत्येक पदार्थाला आपली वेगळी साके. कशाबरोबर गार, कशाबरोबर कोमट. पेले औषधाच्या झाकणाएवढे. मनीनं आधीच सांगून ठेवलं होतं की आबांच्या वडिलांनी दीक्षा घेताना दारूला शिवणार नाही असं वचन दिलंय आणि ते आमच्या घरात पाळतात. मनीच्या पुढंही साके नव्हती, हे आधीच लिहून टाकतो.

मला वाटलं होतं, सेइजींना राग येईल. त्यांचा तर तो धंदा. ते उठले आणि एक सुरई घेऊन आले. मनीनं सांगितलं, "आबा, साके ज्या पाण्याची करतात ना, ते हे विहिरीचं पाणी. ते म्हणतात, पाणी आई, साके तिची लेक. तुम्ही आईला भेटा, लेकीला नाही भेटलात तरी चालेल." इथं आपला पेला आपण भरायचा नसतो, दुसऱ्यानं भरायचा. सेइजी माझ्यापुढं गुडघ्यावर बसले आणि त्यांनी सुरई वाकडी केली.

पारू, माझे हात आपोआप जुळले. पेला तसाच खाली, आणि मी ओंजळ करून तोंडापाशी नेलेली, मान खाली.

तुला सांगायला नको. औशाजवळच्या आमच्या त्या शाळेत माठाला आम्ही हात लावायचा नव्हता. शिपाई वरून धार सोडायचा, आम्ही खाली ओंजळ धरायचो. एवढी नोकरी केली, मानानं राहिलो, मला वाटलं होतं हात ते विसरले. लेकीला तर मी हे कधीच सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला कळत गेलेलं मला दिसत होतं.

सेइजींना यातलं काय माहीत! त्यांना वाटलं ही आपल्याकडची रीत असेल. त्यांनी एक थेंब न सांडता माझी ओंजळ भरली. मी प्यालो. गार, गोड पाणी. मग त्यांनी सुरई माझ्या हातात दिली आणि स्वतःची ओंजळ माझ्यापुढं धरली.

एवढा म्हातारा, घरचा मालक, मान वाकवून माझ्या धारेची वाट बघत होता. मला धार नीट धरता आली नाही, अर्धं पाणी त्यांच्या बाहीत गेलं. ते प्याले, तोंड पुसलं आणि लहान पोरासारखे हसले. मग त्यांच्या बायकोनं, फुमिएबाईंनी ओंजळ धरली. तोमोयानंही धरली.

मनीनं नाही धरली. "मी न्हाई धरणार आबा," म्हणाली आणि पेला पुढं केला. डोळे भरलेले, पण हात ताठ. मी तिचा पेला काठोकाठ भरला.

तुला खोटं लिहिणार नाही. सेइजींनी साके घेतली, चेहरा लाल झाला, बडबडही वाढली. तोमोयानं थोडी घेऊन पेला पालथा घातला. पण मी सारा वेळ फुमिएबाईंकडं बघत होतो. नवऱ्यानं पेला उचलला की तिच्या डोळ्यांत काय होतं ते बघत होतो. तुझ्या आईच्या डोळ्यांत जे असायचं, ते मी शोधत होतो. नाही सापडलं, पारू. ती त्यांना मधेच दटावत होती, त्यांच्या ताटातला मासा उचलून खात होती, आणि ते गायला लागले तेव्हा कान झाकून हसत होती.

जेवण झाल्यावर सेइजींनी सरळ विचारलं, "मनीषाच्या आईचा निरोप काय आहे?" मनी भाषांतर करायला थांबली. मी तुझा निरोप शब्द न शब्द सांगितला, दारू गाळणाऱ्यासकट. पोरीनं तो खालच्या आवाजात, पण पुरा सांगितला. दोघांनी मान खाली घालून ऐकला. फुमिएबाई म्हणाल्या, "आई आहे. तिनं विचारलंच पाहिजे." आणि मग मी म्हणालो की हा तिच्या आईचा शब्द. माझा शब्द विचाराल तर हो आहे.

बघ, सांगून टाकलं. एवढं बर्फ, एवढा मासा, सगळं यासाठीच मधे घातलं होतं.

पण पुढचंही बोललो. तिच्या आईच्या 'हो'शिवाय हे लग्न होणार नाही, आणि मनीलाही ते कबूल आहे. कडक उन्हाळ्याआधी सेइजी आणि फुमिएबाई अहमदपूरला येणार आहेत. त्यांना काय विचारायचं ते तू विचार, मनात येईल ते बोल, मी मधे पडणार नाही. नाही म्हणालीस तर नाही. फक्त त्या बाईला समोर बसवून तिचे डोळे एकदा तू स्वतः बघ. मी पुरुष माणूस, माझं बघणं चुकूही शकतं.

महिनाअखेर मी येतो. मनी संगं येणार नाही, तिची इथं नोकरी आहे. स्टँडवर आदर्शला पाठव, किंवा राग नसेल तर तू ये.

तुला न विचारता 'हो' म्हणून बसलेला,
ज्ञानोबा