पेटीतला माल

चांदा, श्रावण, सन १९५२

व्याही सोमाजीभाऊ यांना वारलूचा हात जोडून रामराम. आमच्या कमळाच्या सासरी सारे सुखरूप असाल, तुमचा दमा निवला असेल, म्हैस व्याली असेल (रेडा की रेडी, कळवा). इकडे घरचे ठीक आहेत, मीच तेवढा नाही. चार दिवस झाले, घास उतरत नाही. दारात खाकी टोपी दिसली की मी पोतं पांघरून परसात जातो. काल पोस्टमन निघाला. (मनिऑर्डर परत गेली.)

झालं असं. गोकुळाष्टमीला आमची भजनमंडळी नदीपार राजुऱ्याकडे गेली. तो मुलूख हैद्राबादचा, म्हणून काठावर करोडगिरीचा नाका. वस्तू आत नेताना जकात घेतात, तीच वस्तू परत आणली की पावती पाहून पैसे परत देतात. आमच्याजवळ वाजवायची पेटी. कारकुनानं विचारलं, "आत काय आहे?" मी गमतीनं बोललो, "आत काय रायते भाऊ, सूर!" सरकारी माणसाशी गंमत करू नये, हे मी साठाव्या वर्षी शिकलो. त्यानं पावतीवर लिहिलं, 'पेटी एक, आत सूर', अन् पाच रुपये घेतले. वहीत उतरवताना मात्र त्याचा हात घसरला अन् 'सूर'चे 'सुरे' झाले.

येताना नाक्यावर दुसराच कारकून, चष्मेवाला. त्यानं वही पाहिली, पेटी पाहिली, मग मला पाहिलं. "बुढ्या, पेटी त वापस आली. सुरे कोनाले वाटले?"

मागून आमचा तबलजी जंगू (चाळिशीचा घोडा) म्हणतो, "काका, तुमी आत गेले त हा कोट मी वापरू का?" मी म्हटलं, साहेब, पावतीवर सूरच आहे. "दाखव." कोटाचे चारही खिसे उलटे केले. मी कागद जपणारा माणूस. नावेची चिठ्ठी निघाली, सन अडतीसच्या बैलाचा दाखला निघाला, तेवढी एक पावती निघाली नाही. हुकूम झाला: सोमवारपर्यंत अस्सल पावती, तीन प्रतींत अर्ज, पेटी अन् पेटीचा मालक हजर करा, नाही तर परताव्याऐवजी पोलीस. पाच रुपये गेले खड्ड्यात भाऊ, मला पाच वर्षांची धास्ती आहे.

मोठ्यांना नमस्कार, कमळाला आशीर्वाद. तिच्यापुढे हे वाचू नका.

आपला घाबरलेला,
वारलू

ता. क. पावती सापडली. राजुऱ्यात भजनाच्या भरात पेटीचा भाता फाटला होता. जंगूनं प्रसादाच्या भाताची खळ करून माझ्या कोटातला एक जाड कागद आतून चिकटवला. आज विचारलं तर हसतो, "सरकारी कागद काका, हवा नाई सुटत!"

पुन्हा ता. क. ती पेटी म्हणजे तुमचीच, 'गावाबाहेर नेऊ नका' म्हणून बजावून दिलेली. परवा तुमच्या दारात ठेवून चहा न घेता पळालो, तो याच्यामुळे. पावती डाव्या अंगाच्या तिसऱ्या घडीत आहे. ओढू नका, फाटेल. सोमवारी पेटीसकटच या अन् नाक्यावर वाजवून दाखवा. आत सूर आहे, हे तुमच्यावाचून कोण पटवणार?

आणखी एक. दम्याचं निमित्त सांगू नका. मालकाचं नाव विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. नोटीस तुमच्या नावाची आहे.