गाडीखालचा पुठ्ठा

प्रिय सुहैर,

आज एकोणीस दिवस झाले. हे पत्र अर्धवट वाचून तू तुझ्या बहिणीच्या हातात देशील ही भीती आहे, म्हणून चांगली बातमी आधी सांगतो. अस्यूतहून आणलेल्या गालिच्यावरचे माझ्या तेलकट बुटांचे सातपैकी पाच ठसे गेले. सहावा फिका झालाय. सातवा टाचेचा आहे, तो हट्टी आहे, माझ्यावर गेलाय. कुंड्यांना न चुकता पाणी घालतो. एकदा मोलोखियाची भाजी करून पाहिली, पण मांजराने नुसता वास घेतला आणि निघून गेलं.

आता तुझ्या सवतीबद्दल. तोंड वाकडं करू नकोस, गाडीला हे नाव तूच दिलंस. बॅग ओढत दारातून निघताना तू म्हणालीस, "एक तर तिचं गळणं थांबवा, नाहीतर मला विसरा. या वयात मी तेल पुसत बसणार नाही." छप्पन्न वर्षांच्या गाडीने दोन थेंब गाळले तर काय बिघडलं, असं मी वर तोंड करून विचारलं होतं. थेंब दोन नव्हते, हे आता कबूल करतो. मी पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गाडीखाली पुठ्ठा सारून रोज सकाळी पाहायचो. सोमवारी सायप्रस उमटायचा, बुधवारी सिसिली आणि शुक्रवारपर्यंत अख्खा सुदान, तोही फाळणीच्या आधीचा.

तू गेलीस त्याच दिवशी उस्ता शहाताच्या गॅरेजवर गेलो. त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मास्तर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. पाच मिनिटांचं काम." त्या पाच मिनिटांना तीन दिवस आणि अकरा ग्लास चहा लागला. वरचं गळणं थांबलं आणि खाली चेंबरच्या पॅकिंगमधून सुरू झालं. तेही बदललं, तर मागच्या सीलमधून. शहाता कपाळाला हात लावून बसला. "मास्तर, हिचं बायकोसारखं झालंय. एक समजूत काढावी तर दुसरं गाऱ्हाणं तयार!" मी हसलो नाही. म्हणजे, थोडाच हसलो.

चहाच्या दुकानात सगळ्यांचं एकमत होतं, नजर लागलीय. कुणाची, हेही सगळ्यांना ठाऊक. वरच्या मजल्यावरच्या लमलूमने वसंतात गाडीभोवती दोन फेऱ्या मारून "वा, काय गाडी आहे!" म्हटलं आणि पुढे नजर लागू नये म्हणून माशाल्ला म्हणायचं विसरला, ते तू गॅलरीतून ऐकलंच होतंस. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहिला थेंब पडला. तेव्हापासून मी त्याच्या सलामाला उत्तर दिलेलं नाही. तू नाहीस म्हणून गेल्या आठवड्यात बिचारा मला मसुराचं सूप घेऊन आला. मी ते प्यायलो, पण कपाळावरची आठी काढली नाही.

आता एक कबुली. शहाताचं म्हणणं पडलं की तेल टपकतं एकीकडे आणि निघतं भलतीकडूनच. तेव्हा इंजिन रॉकेलने धुवायचं, कोरडं करायचं, वर पावडर शिंपडायची, इंजिन चालू करायचं आणि पावडर आधी कुठे काळी पडते ते पाहायचं. घरात पावडर एकच होती. हो, तीच, लव्हेंडरची, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. अख्खा डबा संपला. इंजिन तापल्यावर सवत अशी घमघमली की गल्लीतल्या बायका खिडक्यांत आल्या. माझी अब्रू गेली ती गेलीच, वर पावडर एकदम चार ठिकाणी ओली झाली.

शहाताने चारही जागा फडक्याने पुसल्या. मग त्याने चालू इंजिनावरचं तेल ओतायचं झाकण सैल केलं, तर ते टुणकन त्याच्या हातातून उडालं. "मास्तर, पॅकिंगांना उगाच शिव्या घातल्या आपण. हिचा श्वास कोंडलाय! आतली हवा बाहेर सोडायला एक नळी असते, ती तुंबली असणार. मग हवा तेलाला ढकलत मिळेल त्या फटीतून निघते." त्याने ती रबरी नळी काढली, आत वाकडी तार घातली आणि ओढली. आधी काळा चिखल आला, मग एक चिंधी, आणि चिंधीत गाठ मारलेला, नजर लागू नये म्हणून बांधतात तो निळा मणी.

चिंधी रॉकेलमध्ये खळबळल्यावर तपकिरी पट्टे दिसले. माझ्या पायजम्याचे, सुहैर! जो फाडला म्हणून मी धोब्याशी महिनाभर भांडलो, त्या पायजम्याचे. शहाताने विचारलं, "हे कुणी केलं हो?" मी म्हणालो, काय की. पण गाठ मी ओळखली होती. तीन वेढ्यांची, नातवंडांच्या मनगटावर दोरा बांधताना तू मारतेस ती. लमलूम बोलून गेल्यावर मी दुपारी झोपलो असताना तू खाली उतरलीस. ग्रीसचा डाग दिसला तरी नाक मुरडणारी तू, ते बॉनेट एकटीने उचललंस. उघड्या तोंडाची एक नळी रिकामी दिसली, तिथे मणी सुरक्षित राहील म्हणून आत सारलास. आणि गालिच्यावरून भांडलो त्या संध्याकाळी मी तुला काय म्हणालो? "तुला गाडीचं काय, माझंही कधी काही पडलेलं नाही." मी शहाताच्या स्टुलावर बसून रडलो. डोळ्यांत रॉकेल गेलं म्हणून सांगितलं.

लमलूमला मी परवा सलाम केला, तो दचकला. शहाताने नळी साफ करून बसवली, आणि मणी आता आरशाला टांगलाय, तिथे त्याला हवं तितकं राखण करू दे. चुकलो मी, सुहैर. हे तुझ्या बहिणीसमोर तोंडाने बोलायला जमणार नाही, म्हणून लिहिलं. पत्राला टपालाचं तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या बहिणीने, इन्साफने, रोट्यांसाठी गॅलरीतून टोपली सोडली की तिच्यात रोट्यांखाली हे ठेवायचं, असं रोटीवाल्याशी ठरलंय. अलेक्झांड्रियाच्या आपल्या घरून इथे तांताला, तुझ्या बहिणीच्या दारापर्यंत सवतीने एक थेंब गाळलेला नाही. खाली वाकून बघ, गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरलाय, तासभर झाला, कोरडा आहे. कडेला एक डाग दिसेल, तो चहाचा आहे, तो मी सांडला. येणार असशील तर तुझी चप्पल टोपलीत घालून खाली सोड. चप्पल टोपलीशिवाय आली, तर मी समजून घेईन आणि उद्या पुन्हा येईन.

पुठ्ठ्याशेजारी उभा असलेला, तुझाच
फिक्री