रोजचेच बूट आणा

बाबा, आज आईला पायाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. बदलापूरला, माझ्या घराजवळच आहे दवाखाना. तिलाही आता शुगर आहे. काल तिथल्या मुलीचा फोन आला आणि येण्याआधी काय करायचं, काय टाळायचं ते तिने पाठ असल्यासारखं सांगितलं. रोज वापरता तेच बूट-चप्पल आणा, नवे घालून येऊ नका. घट्टे घासू नका, कुरूप कापू नका, नखं राहू द्या. पाय धुऊन कोरडे करा, पण हळद, पावडर, तेल काही लावू नका, आहे तसं दिसू द्या. शुगरचे रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत ठेवा. एकच पाय दुखत असला तरी दोन्ही दाखवावे लागतील. आणि घरात जे कोणी तुमचे पाय बघतं, त्या माणसाला घेऊन या. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. हेच सगळं मी एकदा ऐकलं होतं, तुमच्यासाठी, उल्हासनगरच्या त्या दवाखान्यातून, आणि तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं होतं. तुम्ही त्यातलं काहीही केलं नाहीत.

अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या घरात तुमच्या पायांची आम्हाला भीती असायची. जिन्यात बूट वाजले की मी रेडिओ बंद करायचे आणि आई ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. रविवारी तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून पेपर उघडायचात आणि ती खाली बसून गरम पाण्याच्या टबात तुमचे पाय चोळायची, वजरीने टाचा घासायची, नखं कापायची. तिच्या स्वतःच्या टाचांना भेगा होत्या. पाहुणे आले की तुम्ही त्या दाखवायचात. "हिचे पाय बघा, अजून भातलावणीतच आहेत." पाहुणे हसायचे, तीही हसायची. ती बारवी धरणाकडच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरातली, आणि तिची बोली तुम्हाला कंपनीतल्या माणसांसमोर नको असायची. मग ती तुमच्यासारखं बोलायला शिकली. मामाचा फोन आला की स्वयंपाकघराचं दार लोटून हळू आवाजात तिच्या भाषेत बोलायची. मी दाराशी उभी राहून ऐकायचे. तेव्हा ती मला दुसरीच कोणी बाई वाटायची, मोठ्याने हसू शकेल अशी.

एक सकाळ सांगते. मी तेव्हा शाळेत जात होते. आईला ताप होता, ती पडून होती, आणि बुटांना पॉलिश झालेलं नव्हतं. तुम्ही दारातून बूट उचललात, त्याच्याकडे नीट बघितलंत आणि तिच्या दिशेने फेकलात. टाच तिच्या भुवईवर बसली. मी ओलं फडकं घेऊन धावले तर तुम्ही म्हणालात, "ते फडकं इकडे आण. आधी बूट पूस. माझी बस जाईल." मी बूट पुसते आहे, आई पदराने कपाळ दाबून बसली आहे, आणि तुम्ही नाडी बांधता बांधता शांतपणे सांगता आहात, "लागलं की लक्षात राहतं." तुम्ही रागावलेले नव्हतात. केमिकल कंपनीत तुमच्या हाताखाली माणसं होती, त्यांनाही तुम्ही असंच सांगत असाल. त्यानंतर पॉलिश कधी राहिलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी ती एकेका बुटात डावा हात घालून उजव्या हाताने ब्रश फिरवायची, आणि ती भुवई नंतर कायम तुटक राहिली.

मग तुमच्या मोज्यांना वास यायला लागला. आपल्याला वाटलं, घामाचा. कंपनीच्या डॉक्टरने पाय बघितला आणि पायाच्या डॉक्टरकडे जाऊन आल्याशिवाय कामावर घेणार नाही म्हणाला. तुम्ही चिडलात. "पायाचा कसला डॉक्टर? नखं कापायला डॉक्टर लागतो?" तरी सकाळी उठून न्हाणीत दार लावून बसलात, दाढीच्या ब्लेडने अंगठ्याखालचा घट्टा स्वतःच तासलात, त्यावर कापूस दाबलात, पावडर मारलीत आणि दिवाळीला घेतलेले नवे बूट घातलेत. मी म्हटलं, "बाबा, त्यांनी रोजचे बूट आणायला सांगितलेत." तुम्ही म्हणालात, "दवाखान्यात फाटके बूट घेऊन जाऊ?" मी म्हटलं, "आणि आईला पण घेऊ या. पाय बघणारं माणूस आणा म्हणाल्या." आई दारात उभी होती, साडी बदलून, तयार. तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "तिला काय कळतं." ती आत गेली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं.

रिसेप्शनवरच्या सिंधी बाईंनी विचारलं, "अंकल, रोज का जूता किधर है?" तुम्ही सरळ आत गेलात. आतल्या डॉक्टर वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी मोजा काढायला घेतला तर तो पायाला चिकटलेला होता. पाणी लावून सोडवला. नवा बूट आतून लाल झाला होता, आणि तुम्ही समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतात, कारण तुम्हाला काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. "काका, डोळे मिटा. पायाला दोरा लागला की हो म्हणा."

तुम्ही डोळे मिटलेत. थोड्या वेळाने म्हणालात, "हो." मग पुन्हा, "हो." मग पुन्हा, ठरावीक अंतराने, हजेरी दिल्यासारखं. डॉक्टरांचा हात हवेतच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"काका," त्या म्हणाल्या, "मी अजून लावलाच नाही."

तुमचा चेहरा तसा मी आधी कधी बघितला नव्हता. जिन्यातून येणारा तो माणूस त्या खुर्चीत नव्हता, उघड्या पायांचा एक म्हातारा होता. डॉक्टरांनी जखमेत सळई घातली, ती हाडापर्यंत गेली. "इथे काहीतरी टोचत असणार, बरेच दिवस. रोजचे बूट आणले असते तर मी आत हात घालून बघितलं असतं. घरी कोण बघतं पाय?" तुम्ही म्हणालात, "कोणी नाही." आधी अंगठा गेला. मग चवडा. मग गुडघ्याखाली कापायचा ठरला तेव्हा तुम्ही मोठ्या डॉक्टरांना विचारलंत, दुखेल का, आणि त्यांना उत्तर द्यायलाही वेळ नव्हता.

दुखलं ते नंतर. नसलेला पाय दुखायला लागला. इतकी वर्षं ज्याला काही कळत नव्हतं तो पाय गेल्यावर त्याची बोटं वळायची, टाच जळायची, तळव्यात काहीतरी घुसायचं. दुपारभर तुम्ही ओरडायचात. आई पलंगाच्या पायथ्याशी बसायची, जिथे तुमचा पाय नव्हता तिथली चादर दोन्ही हातांनी दाबायची आणि विचारायची, "इथे? की जरा खाली?" तुम्ही म्हणायचात, "खाली, अजून खाली." ती सपाट चादरीवर अंगठे रुतवायची आणि तुम्ही शांत व्हायचात. शेजारच्या काकू ते बघून डोळे पुसायच्या. मीही मैत्रिणींना सांगायचे, असं प्रेम आता बघायला मिळत नाही. दुसऱ्या पायालाही जखम झाली, तिचं विष अंगात भिनलं आणि तुम्ही गेलात. ते सगळं इतकं मागे पडलं की तुमचा आवाज आठवायला मला प्रयत्न करावा लागतो.

आज आईने, फोनवर सांगितलं होतं तसं, सगळं केलं. घासलं नाही, कापलं नाही, काही लावलं नाही. रोजच्या चपला आणि गोळ्या पिशवीत घालून माझ्या आधी दारात उभी होती. दवाखान्यात तिने डोळे मिटले, आणि दोरा टेकेल तिथे ती हो म्हणाली. अंगठा, हो. करंगळी, हो. भेगांच्या मधोमध, हो. डॉक्टर मुलगा तरुण आहे, हसून म्हणाला, "आजी, तुमचे पाय एकदम जागे आहेत." मग लिहून घेताना त्याने विचारलं, घरात आधी कोणाला शुगरमुळे पायाचा त्रास होता का.

"ह्यांना होता. पाय कापला."

"कशामुळे झालं होतं?"

"बुटात खिळा वर आला होता. तळ बदलून घेतले होते ना, त्यातला. त्यांना लागत नव्हता."

"कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"माझ्या आलं," आई म्हणाली. "पॉलिश मीच करायचे."

त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं, जसं त्या डॉक्टरांनी बघितलं होतं. मी या वेळी मान खाली घातली नाही. आई चपला घालायला लागली.

रिक्षात मी विचारलं, "आई, तुला आधीपासून माहीत होतं?"

"माना ठाव व्हता," ती म्हणाली. मला ठाऊक होतं. तिच्या माहेरच्या बोलीत, माझ्याशी, पहिल्यांदाच. मग तिने सगळं सांगितलं, बाहेर बघत, घाई न करता. एका रविवारी नखं कापताना तिच्या हातून कातडी कापली गेली होती. रक्त टबात उतरलं. ती घाबरून वर बघते तर तुम्ही पेपरचं पान उलटताय. तिने मुद्दाम चिमटा काढला. तुम्ही पुढची बातमी वाचत होतात. तेव्हा तिला कळलं, तुमच्या आधी, डॉक्टरांच्या आधी. तिने टब उचलला आणि पाणी मोरीत ओतलं. पुढे बुटात हात घातला तेव्हा खिळ्याचं टोक तिच्या बोटाला लागलं. दुसऱ्या दिवशी जास्त लागलं. ती बोट चोखून पॉलिश करायची आणि बूट दारात जोडीने मांडून ठेवायची. "त्या दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी तयार होते. साडी बदलली होती."

हे खरं की नाही, मला माहीत नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल.

मी विचारलं, "मग नंतर ती चादर का दाबायचीस?"

"त्यांना बरं वाटायचं."

"आणि तुला?"

"मला पण."

रिक्षावाल्याने वळण घेतलं. तिने उतरताना माझा दंड धरला, घरी येऊन पाय धुतले आणि डॉक्टरने दिलेलं मलम भेगांना लावत बसली. आत्ता ती आतल्या खोलीत मामीशी फोनवर बोलते आहे, तिच्या भाषेत, दार उघडं ठेवून.

बाबा, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. तुमच्या घरात तुमच्यावर झालेला अन्याय निदान कोणीतरी तुम्हाला सांगावा, म्हणून लिहायला बसले होते. लिहिता लिहिता तुमची कीव येईल अशी मी वाट बघत होते. डॉक्टरांच्या खुर्चीपाशी थोडी आली. त्यापुढे नाही आली.